शिलाई मशीनवर बसणाऱ्या ज्यू पोरींनी न्यूयॉर्कचं राजकारण कसं फिरवलं?

दरवर्षी ८ मार्च आला की ऑफिसात गुलाबाची फुलं वाटली जातात, साड्यांवर सूट मिळते आणि व्हॉट्सॲपवर स्त्रीशक्तीचे मेसेज फिरू लागतात. त्यातल्या एखाद्या पोस्टमध्ये इतिहास सांगायची हौस असली, तर एक वाक्य हमखास असतं. "न्यूयॉर्कमधल्या कापड कामगार महिलांनी केलेल्या संपाच्या आठवणीत हा दिवस साजरा होतो."

या महिला नेमक्या कोण होत्या, हे मात्र पुढे कुणी सांगत नाही.

आधी तारखेचा घोळ मिटवू. ८ मार्च १८५७ ला न्यूयॉर्कमध्ये संप झाला आणि त्यावरून हा दिवस आला, असं जे फिरतं, त्या संपाचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. खरी गोष्ट अशी की अमेरिकेच्या सोशलिस्ट पक्षाने २८ फेब्रुवारी १९०९ रोजी "राष्ट्रीय महिला दिन" पाळला. ही कल्पना थेरेसा मालकियल या बाईंची. रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आलेली ही ज्यू बाई स्वतः कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबलेली होती. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी हा दिवस जगभर पाळायचा ठराव मांडला.

म्हणजे कॅलेंडरवरच्या या दिवसाची एक मुळी न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतल्या शिलाई मशीनपाशी जाते. त्या वस्तीतून कामगार युनियन उभ्या राहिल्या, खासदार निवडून आले, बँक निघाली, हजारो घरं बांधली गेली आणि अमेरिकेतले कामगार कायदे बदलले. ही सगळी गोष्ट नीट समजून घेऊ.

झारचा खून झाला आणि बोटी भरू लागल्या

मार्च १८८१ मध्ये रशियाचा झार अलेक्झांडर दुसरा बॉम्बहल्ल्यात मारला गेला. कटात सामील असलेल्यांमध्ये एक ज्यू तरुणी होती, तेवढं निमित्त पुरलं. आजच्या युक्रेनच्या भागात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. दुकानं लुटली, घरं जाळली, माणसं मारली. या हल्ल्यांना "पोग्रोम" म्हणतात.

रशियन साम्राज्यात ज्यूंना कुठेही राहायची परवानगी नव्हती. पश्चिमेकडच्या एका ठरावीक पट्ट्यातच, म्हणजे आजच्या पोलंड, लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन, मोल्दोव्हाच्या भागात त्यांनी राहायचं, असा नियम होता. १८८२ च्या "मे कायद्यांनी" त्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करायला आणि शहराबाहेर जमीन घ्यायलाही बंदी केली. लोकसंख्या वाढत होती, धंदे आक्रसत होते, वर जिवाची धास्ती. निघून जाणं हाच मार्ग उरला.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेला आले. १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ८० हजारांच्या आसपास ज्यू होते. १९१० पर्यंत हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. शहरातला जवळपास दर चौथा माणूस ज्यू होता.

हे लोक उतरले ते मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, लोअर ईस्ट साइड नावाच्या भागात. पाच-सहा मजल्यांच्या इमारती, एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, आतल्या खोल्यांना खिडकी नाही, संडास सामायिक. त्यांना टेनेमेंट म्हणायचे. गिरणगावातली चाळ डोळ्यापुढे आणली तर फार चुकणार नाही, फक्त चाळीला निदान गॅलरी असायची. जगातल्या सगळ्यात दाट वस्त्यांमध्ये या भागाची गणना व्हायची. एकाच गावाहून आलेले लोक एकत्र येऊन मंडळं काढायचे. आजारपणाला मदत, मयताला खांदा, दफनाला जागा असं सगळं त्या मंडळाकडून व्हायचं. कोकणातल्या गावकीच्या खोल्या मुंबईत ज्या कामाच्या होत्या, तेच काम इथे या मंडळांचं.

मालकही आपलाच, मजूरही आपलाच

इथे एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढचं काहीच कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये ज्यू आधीपासून होते. पण ते होते जर्मनीतून आलेले, शिकलेले, बस्तान बसलेले. कपड्यांचे मोठे कारखाने, दुकानं, बँका त्यांच्याकडे होत्या आणि ते राहायचे शहराच्या वरच्या, श्रीमंत भागात. नव्याने आलेले रशियन-पोलिश ज्यू म्हणजे यिडिश बोलणारे, दाढीवाले, फाटके. जर्मन ज्यूंना त्यांची लाजही वाटायची आणि जबाबदारीही वाटायची. ते धर्मादाय दवाखाने काढायचे, आणि त्याच लोकांना कारखान्यात कमी मजुरीवरही ठेवायचे.

काही वर्षांनी चित्र आणखी गुंतलं. रशियन ज्यूंमधलाच एखादा चलाख माणूस चार मशीन भाड्याने घेऊन ठेकेदार व्हायचा. मोठ्या कारखान्यातून कापलेलं कापड आणायचं, आपल्याच टेनेमेंटच्या खोलीत पाच-दहा लोक बसवायचे, शिवून परत द्यायचं. शिवणारा, काज-बटण करणारी, इस्त्रीवाला सगळे एकाच खोलीत. तिथेच चूल, तिथेच पाळणा. मजुरी नगावर. ठेकेदाराला काम मिळवायचं तर दर पाडावा लागायचा, मग तो मजुरांकडून तास वाढवून घ्यायचा. हंगामात सोळा तास काम आणि हंगाम संपला की चूल थंड. यालाच स्वेटशॉप म्हणतात.

हेस्टर स्ट्रीटवर रोज सकाळी मजुरांचा नाका भरायचा. लोक त्याला यिडिशमध्ये "डुकरांचा बाजार" म्हणायचे. डुक्कर ज्यूंना निषिद्ध, त्यामुळे तिथे एवढी एकच वस्तू विकत मिळत नाही, असा त्या नावातला कडू विनोद. मिळायची ती माणसं.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत बायकांचे जे तयार कपडे बनायचे, त्यातले जवळपास ७० टक्के न्यूयॉर्कमध्ये शिवले जायचे. आणि शिवणारा, शिवून घेणारा, विकणारा असे तिघेही बहुतेक वेळा ज्यू. त्यामुळे इथला संप हा परक्याविरुद्धचा संप कधीच नव्हता. ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या, तो कदाचित तुमच्याच गावचा असायचा.

कॉम्रेड, पेपर आणि बेसबॉल

बोटीतून फक्त गरिबी आली नाही. समाजवाद आला, अराजकवादही आला. अराजकवाद्यांचा एक गट तर योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या वर्षातल्या सगळ्यात पवित्र उपवासाच्या दिवशी, मुद्दाम जेवणावळी आणि नाच ठेवायचा. वस्तीतले धार्मिक लोक अर्थातच खवळायचे.

१८८८ मध्ये काही समाजवादी तरुणांनी "युनायटेड हिब्रू ट्रेड्स" नावाची ज्यू कामगार संघटनांची शिखर संस्था काढली. तोवर अमेरिकन कामगार चळवळीचा मोठा नेता होता सॅम्युअल गॉम्पर्स. तो स्वतः लंडनहून आलेला ज्यू, सिगार वळणारा कामगार. पण त्याच्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा भर कुशल कामगारांवर होता. यिडिश बोलणारी शिलाईवाली पोरगी युनियनमध्ये टिकेल, असं तिथल्या बऱ्याच पुढाऱ्यांना वाटायचं नाही.

मग हे काम एका पेपरने केलं. १८९७ मध्ये "फॉरवर्ट्स" नावाचं यिडिश दैनिक निघालं. संपादक अब्राहम कहान. माणूस कट्टर समाजवादी, पण वाचक कसा धरून ठेवायचा हे त्याला पक्कं कळायचं. अग्रलेखात कामगारांचे हक्क आणि आतल्या पानावर बेसबॉल कसा खेळतात याची माहिती. १९०६ पासून वाचकांच्या पत्रांचं एक सदर सुरू झालं, "बिंटेल ब्रीफ", म्हणजे पत्रांचं गाठोडं. नवरा सोडून गेला, मुलगी ख्रिश्चन पोराच्या प्रेमात पडली, संप चालू असताना कामावर गेलो तर पाप लागेल का, असलं सगळं लोक लिहायचे आणि संपादक उत्तर द्यायचा. वस्तीतल्या अर्ध्या लोकांनी समाजवाद बहुधा या सदराच्या वाटेनेच वाचला असेल. १९२० च्या दशकात या पेपरचा खप अडीच लाखांच्या वर गेला होता. त्याची दहा मजली इमारत १९१२ मध्ये उभी राहिली, दर्शनी भागावर मार्क्स आणि एंगल्सचे चेहरे कोरलेले. ती इमारत आजही आहे. आता तिच्यात महागडे फ्लॅट आहेत.

"वर्कमेन्स सर्कल" ही आणखी एक संस्था. वर्गणी भरा, डॉक्टर मिळेल, मेलात तर दफनाचा खर्च मिळेल, मुलांना यिडिश शाळा मिळेल. पुढारी भाषणं देतात म्हणून नाही, तर डॉक्टर मिळतो म्हणून माणूस चळवळीला बांधला जातो, हे यांना लवकर समजलं होतं.

बायकांचंही स्वतंत्र काहीतरी चालू होतं. मे १९०२ मध्ये कोशर मटणाचा भाव एका पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला. बायका रस्त्यावर उतरल्या, खाटकांच्या दुकानांत घुसल्या, मटण रस्त्यावर फेकलं. प्रार्थनास्थळात भर प्रार्थनेच्या वेळी जाऊन पुरुषांना जाब विचारला. पोलिसांनी झोडपलं, अटका केल्या. पण शेवटी भाव खाली आला. आईने केलेलं हे आंदोलन घरातल्या लेकी बघत होत्या.

दोन तास भाषणं, मग एक पोरगी

१९०० मध्ये "इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन" स्थापन झाली. नाव लेडीज, कारण कपडे लेडीजचे. कारभार पुरुषांचा. त्या काळात बटणं लावलेला, कॉलरवाला बायकांचा ब्लाऊज जोरात चालत होता, त्याला शर्टवेस्ट म्हणायचे. तो शिवणाऱ्या बहुतेक १६ ते २५ वयाच्या मुली, त्यातल्या बहुसंख्य ज्यू आणि बऱ्याच इटालियन. शिकाऊ पोरींना आठवड्याला तीन-चार डॉलर. त्यातून सुया, दोरा, काही ठिकाणी मशीनला लागणाऱ्या विजेचे पैसेही कापायचे. जेवणाच्या सुट्टीत घड्याळाचे काटे मागे सरकवायचे. संध्याकाळी बाहेर पडताना पर्स तपासायची.

या मुलींची युनियन, लोकल २५, इतकी लहान होती की १९०९ च्या मध्यात तिचे जेमतेम शंभरेक सदस्य होते.

त्या सप्टेंबरात ट्रायअँगल आणि लायझरसन या कारखान्यांत संप झाला. मालकांनी गुंड आणले. लायझरसनची कामगार क्लारा लेमलिच, वय २३, हिला इतकं मारलं की बरगड्या मोडल्या. क्लारा आजच्या युक्रेनमधल्या एका छोट्या गावातली. धार्मिक बापाने घरात रशियन पुस्तकांना बंदी केली होती, ती चोरून वाचायची. वस्तीतल्या पोरींना तिचं गाणं आणि तिचा फटकळपणा दोन्ही माहीत होते.

२२ नोव्हेंबर १९०९. कूपर युनियनचा मोठा हॉल तुडुंब भरलेला. सगळ्या शर्टवेस्ट कामगारांनी संप करायचा का, यावर सभा. गॉम्पर्ससकट मोठमोठे पुढारी बोलले. दोन तास झाले. सगळे पाठिंबा देत होते, सगळे सबुरीचा सल्ला देत होते आणि ठराव कुणीच मांडत नव्हतं. तेव्हा क्लाराने बोलायची परवानगी मागितली आणि व्यासपीठाकडे निघाली. यिडिशमध्ये तिने थोडक्यात सांगितलं की भाषणं ऐकून माझा धीर संपलाय, मी स्वतः हे सगळं भोगलेली कामगार आहे आणि माझा ठराव आहे की सार्वत्रिक संप करायचा.

हॉल उठून उभा राहिला. अध्यक्षांनी सगळ्यांना जुनी ज्यू शपथ घ्यायला लावली. मी या लढ्याशी गद्दारी केली तर हा वर केलेला हात झडून जावो, अशा अर्थाची.

दुसऱ्या दिवशी हजारो मुली कामावर गेल्या, मशीनवर बसल्या, आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी कोण उठणार? मग एक उठली, मागून सगळ्या उठल्या. काही दिवसांत संपकऱ्यांचा आकडा वीस हजारांवर गेला. तोवर अमेरिकेत बायकांचा एवढा मोठा संप झाला नव्हता.

थंडीचे दिवस होते. पोलीस मुलींना काठ्यांनी मारत होते, मालकांनी भाड्याने आणलेल्या वेश्या त्यांच्या अंगावर सोडल्या जात होत्या. सातशेहून जास्त अटका झाल्या. मग एक वेगळीच गोष्ट घडली. बँकर जे. पी. मॉर्गन यांची मुलगी ॲन मॉर्गन आणि कोट्यधीश अल्वा बेलमाँट यांच्यासारख्या बायका संपाच्या बाजूने आल्या. जामीन भरू लागल्या, फरचे कोट घालून पोरींबरोबर रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. फर कोट घातलेल्या बाईवर काठी उगारताना पोलीस विचार करतो. ही दोस्ती फार टिकली नाही. समाजवादाची भाषा जोरात आल्यावर ॲन मॉर्गन बाजूला झाल्या. पण तेवढ्या दिवसांत पेपरांनी पोरींची दखल घेतली.

फेब्रुवारी १९१० मध्ये संप संपला. बहुतेक कारखान्यांनी युनियनशी करार केले. आठवडा ५२ तासांचा झाला, सुया-दोऱ्याची कपात गेली. त्याच वर्षी झगे-कोट शिवणाऱ्या सुमारे साठ हजार कामगारांनी, यात पुरुष जास्त, संप केला. पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झालेले वकील लुई ब्रँडाइस यांनी मध्यस्थी करून "शांतता करार" घडवला. मालक आणि युनियन यांची संयुक्त मंडळं आली. वर राहणाऱ्या श्रीमंत ज्यूंनीही यात दबाव टाकला. आपल्याच जातीतली भांडणं रोज इंग्रजी पेपरात छापून येणं त्यांना नको होतं.

युनियनशी करार न केलेल्या मोजक्या कारखान्यांत एक नाव होतं, ट्रायअँगल.

शनिवार, दुपारी पावणेपाच

आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना "शनिवार तेली" नाव पडलं. ज्यू माणसाने शनिवारी काम करायचं नसतं. न्यूयॉर्कच्या कारखान्यात ही चैन नव्हती. मालक ज्यू असले तरी.

२५ मार्च १९११ हा शनिवार होता. ट्रायअँगलमध्ये सुमारे पाचशे लोक कामावर होते. कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस, दोघेही रशियातून आलेले ज्यू, "शर्टवेस्टचे राजे" म्हणून ओळखले जाणारे. सुट्टी व्हायच्या थोडं आधी, ४ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास, आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीला आग लागली. कपडा आणि टिश्यू पेपर, काही क्षणांत मजला पेटला.

आठव्या मजल्यावरून दहाव्याला फोन गेला. दोन्ही मालक दहाव्यावर होते, ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथल्या मुलींना आग कळली ती आग दिसल्यावर. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. मुली कापड चोरतात आणि युनियनवाले आत येतात म्हणून कुलूप. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने कोसळला. लिफ्टवाले जिवावर उदार होऊन फेऱ्या मारत राहिले, मग लिफ्टही थांबली. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचायची. मुलींनी खिडक्यांतून उड्या मारल्या. काहींनी हात हातात घेऊन मारल्या. खाली धरलेल्या जाळ्या फाटल्या.

अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. १४६ जण मेले. त्यात १२३ बायका-मुली. सगळ्यात लहान १४ वर्षांच्या.

सव्वा वर्षापूर्वीच्या संपात याच पोरी रस्त्यावर होत्या. कारखान्यांतल्या सुरक्षिततेचा विषय तेव्हाही निघाला होता.

मालकांवर खटला चालला. दार कुलूपबंद आहे हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही आणि डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. नंतर दिवाणी दाव्यात मेलेल्या एकेका माणसामागे ७५ डॉलर ठरले. विम्यातून मालकांना झालेल्या नुकसानीपेक्षा सुमारे ६० हजार डॉलर जास्त मिळाले होते, म्हणजे माणशी चारशेच्या आसपास. १९१३ मध्ये ब्लँकला पुन्हा कारखान्याचं दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल पकडलं. दंड झाला २० डॉलर.

आगीतून कायदे कसे निघाले?

आगीनंतर आठवड्याभराने मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये शोकसभा झाली. श्रीमंत लोक, दानशूर लोक. टोप्या शिवणाऱ्यांच्या संघटनेतून पुढे आलेली रोझ श्नायडरमन हळू आवाजात बोलली. आम्ही तुम्हाला पारखून पाहिलं आणि तुम्ही कमी पडलात, आता कामगारांनी स्वतःच संघटित व्हावं लागेल, असं तिने त्या श्रीमंतांना तोंडावर सांगितलं. पुढे भर पावसात निघालेल्या शोकयात्रेत लाखाहून अधिक माणसं चालली.

त्या वेळी न्यूयॉर्क शहर टॅमनी हॉलच्या मुठीत होतं. डेमोक्रॅटिक पक्षाची ही स्थानिक यंत्रणा. नोकरी हवी, कोळसा हवा, पोरगा सोडवायचाय, टॅमनीच्या माणसाला भेटा आणि मत द्या. टॅमनीचे पोलीसच संपात मुलींना मारत होते. पण आगीनंतर टॅमनीच्या पुढाऱ्यांना एक गणित दिसलं. ही यिडिश बोलणारी वस्ती झपाट्याने मतदार होतेय आणि ती समाजवाद्यांकडे चाललीय. थोडी लाज आणि बराच हिशोब, अशा मिश्रणातून राज्याचा कारखाना चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख टॅमनीचे दोन तरुण आमदार, रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ. काही वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले. बाहेर उघडणारी दारं, पाण्याचे फवारे, आगीच्या कवायती, बायका-मुलांच्या कामाचे तास.

आग लागली तेव्हा जवळच चहाला आलेली फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुणी धावत तिथे पोचली होती. तिने उड्या बघितल्या. ती या आयोगाच्या कामात गुंतली. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिला कामगारमंत्री केलं, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. न्यू डीलचा जन्म त्या आगीच्या दिवशी झाला, असं त्या सांगायच्या. कामगारांना युनियन करायचा कायदेशीर हक्क देणारा १९३५ चा कायदा "वॅग्नर ॲक्ट" म्हणून ओळखला जातो. तेच रॉबर्ट वॅग्नर.

मतपेटीत काय झालं?

टॅमनीचा अंदाज बरोबर होता. १९१४ मध्ये लोअर ईस्ट साइडने मायर लंडन या समाजवादी वकिलाला अमेरिकन संसदेत पाठवलं. युनियनचे खटले लढणारा हा माणूस स्वतः साध्या घरात राहायचा. १९१७ मध्ये अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरायचं ठरवलं, तेव्हा त्याने विरोधात मत दिलं. बाहेर देशद्रोही ठरला. पुढच्या निवडणुकीत पडला, १९२० मध्ये परत निवडून आला. १९२६ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले.

१९१७ च्या महापौर निवडणुकीत मॉरिस हिलक्विट हा रिगामधून आलेला ज्यू समाजवादी युद्धविरोधी भूमिकेवर उभा राहिला आणि त्याला सुमारे २२ टक्के मतं पडली. त्याच वर्षी राज्याच्या विधानसभेत दहा समाजवादी निवडून गेले. याचा राग एवढा होता की १९२० मध्ये निवडून आलेल्या पाच समाजवादी आमदारांना विधानसभेने फक्त पक्षामुळे बाहेर काढलं.

१९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपातल्या लोकांसाठी अमेरिकेचे दरवाजे जवळपास बंद झाले. नवी माणसं यायची थांबली. आतमध्ये समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात जुंपली. १९२६ मध्ये कम्युनिस्टांच्या हाती सूत्रं असताना झगेवाल्यांचा संप सहाएक महिने चालला आणि युनियनचं दिवाळं काढून गेला. दोन्ही बाजूंनी गुंड वापरले गेले, आणि एकदा आत आलेले गुंड परत गेले नाहीत. लेपके बुकाल्टर हा ज्यू डॉन कपड्याच्या धंद्यातून वर्षानुवर्षं खंडणी उकळत राहिला. १९४४ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीवर बसवलं. चळवळीचा इतिहास सांगताना हा भाग बहुतेक जण एका ओळीत उरकतात. आम्हीही उरकला, पण तो होता.

युनियन पुन्हा उभी केली डेव्हिड डुबिन्स्की याने. पोलंडमधल्या वूच शहरातला कटिंग करणारा, झारच्या काळात सायबेरियाला पाठवलेला आणि तिथून पळून आलेला. पुरुषांचे कपडे शिवणाऱ्यांच्या युनियनचा नेता होता सिडनी हिलमन, लिथुआनियाचा. या दोघांपुढे १९३६ मध्ये एक मजेशीर अडचण होती. रूझवेल्टना मत द्यायचंय, पण म्हाताऱ्या समाजवाद्यांचा हात डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे टॅमनीच्या, खुणेवर पडत नाही. न्यूयॉर्कच्या कायद्यात एकच उमेदवार दोन पक्षांकडून उभा राहू शकतो. मग यांनी "अमेरिकन लेबर पार्टी" काढली आणि तिच्या यादीतही रूझवेल्टच ठेवले. मत रूझवेल्टना आणि टॅमनीला हात लावायचा नाही. १९३७ मध्ये महापौर ला गार्डिया यांना या पक्षाच्या रांगेतून पावणेपाच लाखांहून अधिक मतं मिळाली.

ला गार्डिया म्हणजे वडील इटालियन, आई ज्यू. १९२२ च्या निवडणुकीत हेन्री फ्रँक या विरोधकाच्या बाजूने ते ज्यूद्वेष्टे असल्याचा प्रचार झाला. ला गार्डियांनी आव्हान दिलं, चला, यिडिशमध्ये वादविवाद करू. फ्रँक स्वतः ज्यू. पण ते काही मैदानात आले नाहीत.

बँक, घरं आणि ब्रॉडवेचं नाटक

या युनियन फक्त मजुरीवर थांबल्या नाहीत. १९१३ पासून स्वतःचं आरोग्य केंद्र. १९२३ मध्ये हिलमनच्या युनियनने बँक काढली, अमल्गमेटेड बँक, ती आजही चालू आहे. १९२७ मध्ये त्याच युनियनने ब्राँक्समध्ये कामगारांची सहकारी गृहसंस्था बांधली. घर विकून नफा कमवायचा नाही, एवढा साधा नियम. तीही आज उभी आहे. १९३७ मध्ये तर शिलाई कामगारांनीच केलेलं संगीत नाटक "पिन्स अँड नीडल्स" ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे अकराशेवर प्रयोग झाले. महाराष्ट्रात साखर कारखाना, बँक, शाळा, दवाखाना असं जाळं विणणारी सहकार चळवळ आपण बघितलीय, त्यामुळे असं जाळं माणसाला किती घट्ट बांधतं हे वेगळं सांगायला नको.

आणि मग आरसा उलटा फिरला

ज्यू कामगारांची मुलं शिकली. शिक्षक, वकील, डॉक्टर, हिशोबनीस झाली. मशीनवर आता प्युएर्तो रिकोच्या आणि कृष्णवर्णीय बायका बसल्या. युनियनचं नेतृत्व मात्र म्हाताऱ्या ज्यू पुरुषांकडेच राहिलं. रोझ पेसोटा ही युनियनच्या कार्यकारिणीतली एकमेव बाई १९४४ मध्येच बाहेर पडली होती. ८५ टक्के सदस्य बायका आणि उपाध्यक्षांत बाई एक, हे तिला पटेना. १९६२ मध्ये संसदेच्या एका समितीपुढे या युनियनवर वंशभेदाचे आरोप झाले. डुबिन्स्की संतापले. जन्मभर अन्यायाविरुद्ध लढलेल्या माणसाला असला आरोप सहन होत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मशीनवर बसलेल्या बाईला वरच्या खुर्चीपर्यंत वाट दिसत नव्हती, हेही खरं होतं.

१९६८ मध्ये ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिलमध्ये शाळांचा ताबा कुणाचा यावरून शिक्षकांचा संप झाला. बहुसंख्य ज्यू सदस्य असलेली शिक्षक युनियन एका बाजूला, कृष्णवर्णीय पालक दुसऱ्या बाजूला. दोन समाजांची जुनी दोस्ती तिथे तुटली आणि न्यूयॉर्कच्या राजकारणात ती भेग पुढे कितीतरी वर्षं दिसत राहिली.

जून १९८२ मध्ये लोअर ईस्ट साइडला लागूनच असलेल्या चायनाटाऊनमध्ये सुमारे वीस हजार चिनी शिलाई कामगार बायका रस्त्यावर आल्या. युनियन तीच. ठेकेदार चिनी, कामगार चिनी, आणि ठेकेदारांना खात्री की आपल्याच समाजाच्या बायका आपल्याविरुद्ध जाणार नाहीत. काही तासांत त्यांना करारावर सह्या कराव्या लागल्या. इकडे मुंबईत तेव्हा दत्ता सामंतांच्या गिरणी संपाचा सहावा महिना चालू होता.

क्लारा लेमलिचचं काय झालं? संपानंतर मालकांनी तिला काळ्या यादीत टाकलं. ती मताधिकाराच्या चळवळीत गेली, लग्न झालं, कम्युनिस्ट झाली, घरभाडं आणि मटणाच्या भावावरून शेजारणींना गोळा करत राहिली. म्हातारपणी लॉस एंजेलिसच्या एका वृद्धाश्रमात होती. शेतमजुरांच्या लढ्याला पाठिंबा म्हणून तिथल्या व्यवस्थापनाला तिने द्राक्षांवर बहिष्कार घालायला लावला. आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या वॉर्डबॉयना युनियन करायला मदत केली. चायनाटाऊनच्या संपानंतर काही दिवसांनी, जुलै १९८२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ती गेली.